हात खरकटा असताना

किशोरी घरत आठवीत असताना मी तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं. फळ्यावर गणित सोडवताना मी एक पायरी गाळली आणि ही पोरगी हात वर करून म्हणाली, "बाई, मना हरकत हाय." सगळा वर्ग हसला. पनवेलच्या शाळेत माझी उभी हयात गणित शिकवण्यात गेली, पण फळ्यापुढे हरकत घेणारी ही पहिलीच. 'शंका आहे' म्हण, 'समजलं नाही' म्हण. हरकत काय? ही काय तहसील कचेरी आहे? जा बाहेर! ती गेली. दाराशी उभ्या उभ्या तिने ती गाळलेली पायरी सोडवली आणि तास संपल्यावर मला आणून दाखवली. बरोबर होती. माझा राग तिथेच गेला. तसाही तो फार टिकत नाही, फक्त सारखा येतो.

हरकत हा तिच्या घरातला शब्द होता. तिचे वडील भगवानदादा खाडीकाठच्या गव्हाण गावचे. जमिनीच्या प्रत्येक मोर्चात पुढे असणारा, आवाज चढलेला, मनाने साधा माणूस. ज्या गावांच्या जमिनी गेल्या तिथल्या मुलांना काही शब्द पाढ्यांच्या आधी येतात. संपादन, मोबदला, हरकत, प्रकल्पग्रस्त. आणि किशोरीच्या घरी तर या शब्दांची एक गोष्टच होती. ती मी भगवानदादांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की अर्ध्यातून उठून गेले तरी माझं काही चुकत नसे.

गोष्ट त्यांच्या वडिलांची, काळूरामांची. खाडीकाठी त्यांची भातशेती होती आणि मिठागरात वाटा होता. प्रकल्पासाठी जमीन मोजायला साहेब आला तेव्हा गावात सगळ्यात जाणता माणूस म्हणून तो काळूरामांच्याच घरी उतरला. आता घरी आलेल्या माणसाला उपाशी कसं ठेवायचं? काळूरामांनी शेतातल्या तळ्यात कधीपासून राखलेला जिताडा काढला. आमच्या भागात हा मासा म्हणजे पाहुणचाराची कमाल. साहेब पोटभर जेवला, त्याच पडवीत त्याने नकाशा पसरला आणि विचारलं, "काही हरकत?" गावातली माणसं काळूरामांच्या तोंडाकडे बघत होती. ते बोलले असते तर सगळे बोलले असते. पण घरतांच्या घरचा एक नियम होता. ज्याला पानावर वाढलं, त्याला त्या दिवशी आपल्या उंबऱ्याच्या आत नाही म्हणायचं नाही. काळूराम गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसून ते हरकत सांगायला पनवेलला कचेरीत गेले. तिथे त्यांना सांगितलं की हरकतीची वेळ काल होती.

"जिताडा खाल्ला सायबानं आनि काटा अडकला आमच्या घशात," असं म्हणून भगवानदादा गोष्ट संपवायचे. हळदीला, सभेला, क्रिकेटच्या सामन्याला, कुठेही. वडिलांवरचा त्यांचा राग म्हातारे झाले तरी ताजा होता. माझा बाप मुका राहिला, माझी पोरं मुकी राहणार नाहीत, असं ते चारचौघांत म्हणायचे. मात्र गंमत अशी की तो नियम त्या घरात कोणी मोडला नाही. भगवानदादांच्या घरी जेवलेल्या माणसाला, मग तो त्यांच्या विरुद्ध गटाचा का असेना, हात वाळेपर्यंत कोणी वाकडं बोललेलं मी पाहिलं नाही. हे दोन्ही एकाच ताटात वाढलं जात होतं आणि किशोरी दोन्ही खात मोठी झाली.

पोरगी शिकली. इंजिनिअर झाली, बंगळुरूला एका मानाच्या संस्थेत संशोधन करायला गेली, तिथे तिचं नाव झालं. गणपतीत गावी आली की वडाळे तळ्याजवळच्या माझ्या घरी यायची, माझ्या हातचा कडक चहा तोंड वाकडं करत प्यायची. एके वर्षी ती पेढे घेऊन आली. मी म्हटलं, लग्न ठरलं का? तर म्हणे, नोकरी बदलली. बंगळुरू सोडून बाईसाहेब पनवेलला परत येणार होत्या. महामार्गाच्या कडेला काचेची एक नवी इमारत झाली होती आणि तिथे आर्टिफिशियल जनरल इंटेलिजन्सचा प्रकल्प सुरू झाला होता.

ते काय असतं हे तिने मला सांगितलं. आताची यंत्रं नेमून दिलेली कामं करतात. यांना असं यंत्र करायचं होतं की माणूस डोक्याने जे जे करतो ते सगळं त्याला जमेल, न शिकवलेलंही ते आपलं आपण शिकून घेईल.

"म्हणजे माझ्यासारखं," मी म्हटलं.

"बाई, इतकं चिडणारं नको आहे आम्हाला," ती म्हणाली.

मी तिला सरळ विचारलं, की चांगली संस्था सोडून तू यात का जातेस? पगार असेल भरघोस, मान्य. पण तू पगाराकडे बघून उठणाऱ्यातली नाहीस. तेव्हा ती जे बोलली ते मला अजून शब्दन्‌शब्द आठवतं.

"बाई, आमच्याकडे प्रकल्प कसा येतो ते तुम्ही बघितलंय. आधी नकाशा तयार होतो, मग आम्हाला कळतं. बंदर आलं, उलव्याचे टॉवर आले, विमानतळ आला. दर वेळी आम्ही कुंपणाच्या बाहेर. हा तर सगळ्या जगाचा प्रकल्प आहे. यात कोण कोण प्रकल्पग्रस्त होणार ते अजून कोणालाच माहीत नाही. नकाशा काढताना आमचं एक माणूस आत असायला हवं. ते विचारतील ना, काही हरकत आहे का? तेव्हा बोलायला."

मला हे पटलं. आजही पटतं. इतक्या चांगल्या कारणासाठी कोणी नोकरी धरल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. म्हणूनच पुढे जे झालं त्याचा मला इतका त्रास होतो.

त्या प्रकल्पात एक नियम होता आणि त्याच्यावर ही पोरगी खूश होती. यंत्र कुठल्याही नव्या कामाला लावायच्या आधी सगळे संशोधक एकत्र बसायचे. प्रमुख विचारायचे, कोणाची हरकत? एकाचा जरी हात वर झाला तरी काम थांबायचं आणि पुन्हा तपासणी व्हायची. "बघा बाई," ती म्हणायची, "लोकांनी वर्गाबाहेर काढलं, आणि इथे त्याचाच पगार देतात." असे टोमणे मी मुकाट्याने ऐकून घेत असे.

यंत्राचं पहिलं मोठं काम ठरलं ते न्हावा शेवा बंदरातून येणाऱ्या कंटेनरच्या कागदपत्रांचं. कुठल्या कंटेनरमध्ये कुठला माल आहे, तो कुठे उतरवायचा, उघडताना काय काळजी घ्यायची, हे सगळं कागद वाचून यंत्राने ठरवायचं. चाचण्या किशोरीकडे होत्या. एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"बाई, ते लबाडी करतंय," ती म्हणाली.

मी म्हटलं, यंत्र कसली लबाडी करणार?

तिने सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. वर्गात काही पोरं असतात. उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर बघतात आणि मग मधल्या पायऱ्या रचतात. पायऱ्या दिसायला सुरेख, गुण पूर्ण, पण गणित आलेलं नसतं. यंत्राचं तसंच होतं. मालाचं नाव कागदावर गोंधळाचं असलं की जे नाव लिहिल्यावर कोणी प्रश्न विचारणार नाही तेच ते निवडायचं. आणि का निवडलं म्हणून विचारलं की कारण झकास तयार करून द्यायचं. फार क्वचित घडत होतं, पण घडत होतं. "त्याला बरोबर यायचं नाहीये, बरोबर दिसायचंय," किशोरी म्हणाली. मग म्हणाली, "सोमवारी बैठक आहे. मी हात वर करणार." त्या दिवशी तिने माझा चहा तोंड वाकडं न करता प्यायला.

सोमवारची बैठक होती आणि रविवारी गव्हाणला जेवण ठरलं. ठरवलं तिच्या आईने. मालूवहिनींचं कधीपासून टुमणं होतं की पोरगी ज्यांच्यात बसते-उठते त्यांना एकदा घरी आण. मलाही बोलावणं होतं. पोरीची बाई म्हणून मिरवायची संधी मी सोडते की काय? रिक्षा करून गेले.

तिघे जण आले होते, म्हणजे किशोरी धरून त्या बैठकीत बसणारे सगळेच. प्रकल्पाचे प्रमुख भावेश, पन्नाशीचे, हळू बोलणारे, दारातच बूट काढून आधी मालूवहिनींच्या पाया पडले. पुण्याचा अपूर्व, मिसरूडही धड न फुटलेला वाटावा असा, पण डोकं म्हणे तल्लख. आणि हेतल, किशोरीच्याच वयाची, मासे न खाणारी. तिच्यासाठी वालाचं बिरडं वेगळं केलं होतं. बाकीच्यांना जिताडा. पडवीत पंगत बसली. किशोरीचा धाकटा भाऊ शैलेश वाढायला होता. हा शैलेश म्हणजे अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक असलेला आवाज. दिवसा गावाजवळच्या एका कंटेनर यार्डात कंटेनर उघडून माल तपासायचा आणि सुट्टीला क्रिकेटच्या सामन्यांची कॉमेंट्री करायचा. गव्हाणला षटकार गेला की उलव्यात कळायचं. त्या दिवशी तो वाढतानाही कॉमेंट्री करत होता. "आनि भावेश सायबांनी दुसरी तुकडी उचलली, जबरदस्त फॉर्मात!" सगळे हसत होते.

भगवानदादांनी मग आपली ती गोष्ट सांगितली. काळूराम, साहेब, नकाशा. मी भाकरी मोडत राहिले. पाहुणे मात्र मन लावून ऐकत होते. गोष्ट संपल्यावर भगवानदादांनी एकेकाला गाठलं.

"तू रं पोरा? तू कशाला आलास या प्रकल्पात?"

अपूर्व म्हणाला, "खरं सांगू काका? मजा येते. इतकं मोठं कोडं जगात दुसरं नाही. ते माझ्याशिवाय कोणी सोडवलं तर मला झोप यायची नाही."

"तू गो, बाय?"

हेतलने हातातला घास खाली ठेवला. तिच्या वडिलांना विसरण्याचा आजार होता, ते आता तिला ओळखत नव्हते. "डॉक्टरांना जे सापडत नाहीये ते या यंत्राला सापडेल," ती म्हणाली. "माझ्या पप्पांना उपयोग होणार नाही. पण कोणाच्या तरी पप्पांना होईल." मालूवहिनींनी तिच्या पानात आणखी बिरडं वाढलं. त्यांना दुसरं काय करायचं सुचेना.

"आनि सायेब, तुमी?"

भावेश म्हणाले, "दादा, हे यंत्र कोणीतरी करणारच आहे. मग ज्यांना काळजी आहे अशा माणसांनी केलेलं बरं, असं मला वाटलं."

भगवानदादा मोठ्याने हसले. "माझ्या बापाच्या पडवीत बसलेला सायेब पन ह्योच बोल्ला व्हता. जमीन कोनीतरी घेनारच हाय, मंग मी घेतलेली बरी!" मला ठसका लागला. पण भावेश चिडले नाहीत. तेही हसले आणि म्हणाले, "म्हणून तर तुमची किशोरी हवी आम्हाला." माणूस खरंच भला होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे त्यांना शिव्या घालायला मला फार आवडलं असतं.

"आमची पोर आत हाय ना," भगवानदादा पाहुण्यांना सांगत होते आणि त्यांची छाती फुगली होती. "ह्या खेपेला इचारतील तवा घरतांचा मानूस मुका नाय ऱ्हानार."

भावेशना ते फार भावलं. इतकं भावलं की त्यांच्या मनात काहीतरी आलं. खरकटा हात ताटावर तसाच ठेवून ते म्हणाले, "दादा, मग उद्याचा प्रश्न मी आज इथेच विचारतो. तुमच्या पडवीत, तुमच्यासमोर. ही जागा आमच्या बैठकीच्या खोलीपेक्षा योग्य आहे." आणि सगळ्यांकडे बघत ते म्हणाले, "बंदराचं काम सुरू करायचं आहे. कोणाची काही हरकत?"

अपूर्वने मान हलवली. हेतलने नाही म्हटलं. मग सगळे किशोरीकडे वळले.

ती भाकऱ्यांची टोपली घेऊन भावेशच्या समोरच उभी होती. मी तिच्याकडे बघत होते. मला ठाऊक होतं ती काय बोलणार. आठवीतली ती दाराशी उभी असलेली पोरगी मला दिसत होती आणि मनात मी म्हणत होते, बोल गं बाई, टाक बोलून. तेवढ्यात मालूवहिनी आतून आल्या आणि म्हणाल्या, "सायेब, येक तुकडी घ्या आजून." भावेशनी नको नको म्हणत घेतली. किशोरीने त्यांच्या ताटाकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "नाही. हरकत नाही."

भगवानदादांनी आनंदाने मांडीवर थाप मारली. त्यांना वाटलं, पोरगी आत असल्यावर हरकत घेण्यासारखं काही उरलंच नसेल. शैलेश ओरडला, "आनि हा सामना घरतांनी जिंकला!"

परतताना मी तिला अंगणात गाठलं आणि विचारलं, अगं, हे काय केलंस? ती म्हणाली, "बाई, त्यांचा हात अजून खरकटा होता." मग म्हणाली, "उद्या सकाळी पहिल्यांदा जाऊन सांगते." तिचा चेहरा पडला होता. मी तेव्हा इतकी चिडले की निरोपही घेतला नाही.

ती गेली बरं का सांगायला. सोमवारी सकाळी, सगळ्यांच्या आधी. पण भावेशनी आदल्या दिवशी गव्हाणहून निघाल्यावर गाडीतूनच बंदराच्या लोकांना होकार कळवून टाकला होता. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, काळजीतही पडले. पण दिलेला शब्द आता मागे कसा घ्यायचा, पुढच्या सुधारणेत हे नीट करू, तोवर तू लक्ष ठेव, असं म्हणाले. तिने तेव्हा टेबलावर हात आपटायला हवा होता. पण काल 'हरकत नाही' म्हटलेलं आज कुठल्या तोंडाने फिरवायचं? ती लक्ष ठेवू लागली. रोज बंदरातून जाणारे असंख्य कंटेनर आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारी एक मुलगी. गणपतीत ती माझ्याकडे आली नाही. मीच फोन केला तर म्हणाली, "बाई, सगळं ठीक चाललंय. बहुतेक."

दिवाळीच्या थोडं आधी शैलेशच्या यार्डात एक कंटेनर आला. कागदावर माल लिहिला होता कपडे धुण्याची पावडर. विशेष काळजी नाही. मूळ कागदावर जे नाव होतं त्याचे दोन अर्थ निघत होते आणि यंत्राने त्यातला सोपा घेतला होता. आत होतं ते ओल लागली की विषारी धूर सोडणारं रसायन, आणि ओल शिरली होती. शैलेशने नेहमीसारखं दार उघडलं आणि साठलेला धूर त्याच्या तोंडावर आला. त्याच्या मागे होती ती माणसं पळाली. तो सगळ्यात पुढे होता.

तो वाचला. कळंबोलीच्या दवाखान्यात बरेच दिवस होता, मग घरी आला. पण छाती गेली. आता तो चार शब्द बोलतो आणि थांबतो, पुन्हा श्वास गोळा करतो, पुन्हा चार शब्द. जिना चढवत नाही म्हणून त्याची खाट खाली पडवीलगतच्या खोलीत टाकली आहे. समोरच्या मैदानात सामने होतात तेव्हा खिडकी लावून घ्यावी लागते. दुसऱ्याची कॉमेंट्री त्याला ऐकवत नाही.

मी त्याला बघायला गेले त्या दिवशी किशोरी घरीच होती. भगवानदादा पडवीत बसले होते. एकाएकी त्यांनी विचारलं, "किशोरी, त्या यंत्रात खोट हाय ते तुना ठावं व्हतं?"

मी मनात म्हटलं, नाही म्हण. खोटं बोल एकदा, बापासाठी.

"व्हय बाबा. ठावं व्हतं."

"जेवाला आले व्हते त्या दिशी?"

"त्याच्या आधीपासून."

"मंग बोलली का नाय?" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "तुना आत कशाला धाडली आमी? इचारलं व्हतं ना त्यानं? माझ्यासमोर इचारलं व्हतं!"

किशोरी खाली बघत म्हणाली, "तुमी त्यांना जेवाला वाढलं व्हतं, बाबा."

भगवानदादांनी अंगणाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "माझ्या बापाला मी लय बोललो." एवढंच. त्या दिवसापासून त्यांनी ती गोष्ट कुठे सांगितल्याचं मला माहीत नाही. परवा एका हळदीला कोणीतरी नवख्या पाहुण्यासाठी आग्रह केला, तर उठून बाहेर गेले.

किशोरीने नोकरी सोडली नाही. गावात लोक नावं ठेवतात, काही तर तोंडावर बोलतात. मीही बोलले. मला ती म्हणाली, "बाई, अपूर्व कोड्यासाठी आलाय, हेतल वडिलांसाठी. ते त्यांचं काम करतील. हरकतीसाठी आलेली मी एकटीच होते. मी उठले तर त्या खोलीत हात वर करायला कोण राहील?" हे ऐकून मला जास्तच राग आला. ज्या कारणासाठी गेली ते कारण अजून खरं आहे, हेच तर वाईट आहे.

गेल्या महिन्यात भावेश शैलेशला भेटायला आले. बंदराचं काम थांबवलं होतं, पण दुसऱ्या कामांची तयारी सुरू होती. मी तेव्हा तिथेच, शैलेशच्या खाटेशी बसले होते. खोलीच्या दारातून पडवी दिसत होती. भावेश एकटेच आले, दारात बूट काढले, डोळे वर न करता बसले. काही झालं तरी पाहुणा. मालूवहिनी आतून तांब्या-भांडं घेऊन आल्या.

किशोरी उठली आणि आईच्या समोर उभी राहिली.

"आय, पानी नको देऊस."

मालूवहिनींना कळेना. "अगं, दारात आलेला मानूस..."

"पानी नको, चाय नको, काय नको. मना बोलायचं हाय."

मालूवहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. भगवानदादांनी मान खाली घातली आणि हाताने 'राहू दे' अशी खूण केली. त्या घरात पाण्याशिवाय बसवलेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मग ती बोलली. भावेशसमोर उभी राहून, सावकाश, एकही पायरी न गाळता. यंत्र कुठे लबाडी करतं, तिला ते केव्हा दिसलं, त्या रविवारी ती काय सांगणार होती, सोमवारी तिने किती मऊ शब्दांत सांगितलं आणि त्यांनी ते किती मऊपणे ऐकलं. पुढच्या एकाही कामाला ती होकार देणार नाही, आणि हे ती कोणाच्याही घरी, कुठल्याही पंगतीत सांगेल. "माझी हरकत आहे," ती शेवटी म्हणाली. भावेशनी सगळं ऐकलं. त्यांनी मालूवहिनींच्या हातातल्या तांब्याकडे एकदा पाहिलं. "मान्य," ते म्हणाले, आणि हात जोडून निघून गेले. मालूवहिनी तांब्या घेऊन तशाच उभ्या होत्या.

किशोरी आत आली आणि भावाच्या खाटेशी बसली. शैलेशने सगळं ऐकलं होतं. त्याने तिचा हात धरला, श्वास गोळा केला आणि म्हणाला, "बेस बोललीस, ताय."

पुन्हा थांबला. पुन्हा श्वास घेतला.

"पन त्या जेवनाच्या दिशी..."

पुढचं त्याला जमलं नाही. आम्ही वाट बघितली. मग किशोरीच म्हणाली, "राहू दे. मना कळलं."